आतड्याचं माणूस

डंडीत जानेवारीत साडेतीनलाच अंधार पडतो.
टे नदीवरचा पूल दिवे लावून बसतो,
आणि मी तळघरातल्या फ्रीझरचं दार ओढते.
उणे ऐंशी.
चष्म्यावर धुकं. रॅक चार, कप्पा ब.
दोन हजार नळ्या,
प्रत्येकीत कुणाची तरी चिमूटभर शी.

आई फोनवर विचारते, म्हणजे नेमकं काय करतेस गं?
मी म्हणते, संशोधन.

प्रश्न एका ओळीचा आहे:
आतड्यातले जीवाणू उणावले
तर फ्लू छातीत खोल उतरतो का?
उंदरांमध्ये उतरलेला दिसलाय.
माणसांचं कुणी छातीठोक सांगत नाही अजून.
डॉक्टर ऑक्टरलोनी फळ्यावर बाण काढतात,
आतड्यापासून फुप्फुसापर्यंत,
मग जरा थांबून
उलटाही.

मला त्या बाणाचं नवल वाटलं नाही.
कुणी लांब निघालं की
आमच्या भाषेत आतडं तुटतं
आणि श्वास वर अडकतो.
हे मी मीटिंगमध्ये बोलले नाही.

०४१७.
संगणकात ती एवढीच. नाव मला कळायला नको.
पण दर मंगळवारी ती स्वतःच येते,
तपकिरी पिशवी काउंटरवर ठेवून ओरडते,
"तुझं पार्सल!"
ईशबेल पेट्री. वय एक्याऐंशी.
तागाच्या गिरणीत तीस वर्षं माग चालवले,
कान तिथेच ठेवून आली.
ओठ वाचते. मी मास्क लावला की म्हणते,
आज तू मुकी.

पाचव्या नळीपर्यंत आलेखात गजबज होती.
मग दाढ. दाढेत पू. सात दिवसांच्या गोळ्या.
सातव्या नळीत
ओटच्या कोंड्यावर जगणारे,
बदल्यात रक्तात काहीबाही सोडणारे,
ज्याच्या जोरावर म्हणे छातीतले राखणदार जागे राहतात,
ते जवळजवळ नव्हतेच.
पट्ट्या पांढऱ्या.
जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचं मैदान.

रात्रीचे नऊ. स्क्रीन आणि मी.
सांगायचं नसतं. तसं मी सहीनिशी लिहून दिलंय.
आणि सांगणार तरी काय?
बाई, तुझ्या पोटात कुणी उरलं नाही,
बावीस नंबरच्या बसमध्ये बसू नकोस?
मी ते पोटात ठेवलं.
पुढच्या मंगळवारी मास्क हनुवटीखाली ओढून
फक्त इतकं विचारलं, लापशी खातेस ना?
ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.
"अगं, मी स्कॉटिश आहे. दुसरं काय खाणार?"

मग एक मंगळवार
नुसताच गेला.

नववी नळी वॉर्डमधून आली.
लेबलवर कुण्या नर्सचं निळं, उभं अक्षर.
फॉर्मच्या चौकटीत: इन्फ्लुएन्झा ए. ऑक्सिजन, चार लिटर.
माझ्या पोटात गोळा आला.
त्या गोळ्यात कितीक कोटी होते,
आणि त्यांना हे कुणी वाचून दाखवलं?

गोळ्यांमुळेच झालं, असं मी म्हणणार नाही.
ती एक्याऐंशीची आहे, घर ओलं आहे,
शेजारचा मुलगा आठवडाभर खोकत होता.
एका नळीवरून काही सिद्ध होत नाही.
दोन हजारांवरूनही, ऑक्टरलोनी म्हणतात, कदाचित.
पण मी लस घेतली त्याच आठवड्यात.
वर्षभर टाळत होते.

दहावी, निळं अक्षर.
अकरावी, निळं.
वॉर्डमध्ये तिच्याशी मास्क काढून कोण बोलत असेल,
हा विचार मला बसमध्ये आला
आणि माझा थांबा मागे राहिला.

बारावी आज आली.
पेन्सिलीनं. चार एकदा खोडून पुन्हा काढलेला,
शून्य लडबडलेलं,
पण सातच्या पोटातून आडवी रेघ गेलेली,
ती रेघ इथे तिच्याशिवाय कुणी मारत नाही.

पट्ट्या कशा आहेत ते गुरुवारी कळेल.
नळी हाती आली की तत्काळ गोठवायची, असा नियम आहे.
मी हातमोज्यात धरून उभी राहिले
दहा सेकंद,
पंधरा असतील.